घरात निजलेला किडा

(वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम, अध्याय १६, लेवीय, अध्याय १४ व १९)



गेल्या माघ महिन्यात टेंभुर्णी येथे घरोघर भेटी देत असता एका वृद्ध मावशींनी आम्हांस जो प्रश्न विचारला, तोच आज तुम्हांपुढे ठेवावयाचा आहे. त्यांच्या मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कापूस भरलेला होता. ढीग वर पत्र्यास जाऊन टेकला होता, म्हणून आम्हांसाठी ओसरीवरच घोंगडी अंथरली होती. प्रार्थना संपते तो तिन्हीसांजा झाल्या, दिवा लागला, आणि त्याभोवती करड्या रंगाची, गव्हाच्या दाण्याहून थोडीशी मोठी अशी पाखरे फिरू लागली. मावशी म्हणाल्या, "पाळकसाहेब, दिवसा ही कुठं दिसत नाहीत. रात्रीची येतात तरी कुठून?"

आम्ही मधल्या खोलीकडे बोट दाखविले. मावशी प्रथम हसल्या, मग गप्प झाल्या. ज्या कापसावर लेकीच्या लग्नाचे देणे फेडावयाचे, त्यातूनच पुढल्या सालच्या पिकाचा वैरी निघत आहे, हे ऐकणे कोणासही सुखाचे नाही.

किडे माणसाच्या घरात हंगाम काढतात, ही गोष्ट सर्व देशांत घडते. ज्या मुलुखांत बर्फ पडते तेथे थंडीची चाहूल लागताच कित्येक जातींचे ढेकूण, भुंगेरे व माश्या खिडक्यांच्या फटींतून घरात शिरतात आणि माळ्यावर किंवा भिंतींच्या पोकळीत निजून राहतात. तेथे ते खात नाहीत व अंडीही घालीत नाहीत. ऊब आली की बाहेर जाण्यासाठी काचेवर धडपडतात. पूर्व आशियातला एक दुर्गंधी ढेकूण विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात आढळला. आता तेथील कित्येक घरांत हिवाळा आला म्हणजे तो शेकड्यांनी उतरतो. त्या लोकांस तो केवळ उपद्रव वाटतो, कारण त्यांच्या घरात तो झोपावयास आलेला असतो इतकेच.

आपल्या जाफराबाद तालुक्यात बर्फ नाही. आपल्याकडे किड्यास कठीण जातो तो शिमग्यापासून मृगापर्यंतचा काळ, जेव्हा रानात हिरवे पान उरत नाही. हुमणीचा भुंगेरा हा काळ जमिनीत काढतो व पहिल्या पावसासरशी निंबावर आणि बाभळीवर येऊन बसतो. गांधीलमाशी लगीच्या सांदीत दडते. खाटेतल्या ढेकणाला तर कोणताच हंगाम नाही. तो बारा महिन्यांचा भाडेकरू आहे, आणि भाडेही तोच वसूल करितो! परंतु ह्या सर्वांपेक्षा ज्याला आपण स्वतः पाटीत घालून, डोक्यावर वाहून, घरात आणून निजवितो, त्या गुलाबी बोंडअळीविषयी आज बोलावयाचे आहे. कोणी तिला शेंदरी अळीही म्हणतात.

हिची रीत नीट समजून घ्या. मादी पाखरू रात्री कपाशीच्या पात्यांवर, फुलांवर किंवा कोवळ्या बोंडावर बारीक अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि लागलीच आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून एकमेकींस बांधून टाकते व फूल उमलत नाही. हीच आपली डोमकळी. बोंडात शिरली तर तिने केलेले छिद्र पुढे भरून जाते, म्हणून वरून बोंड हिरवेगार व धडधाकट दिसते, आणि आत सरकी पोखरलेली व रुई पिवळी पडलेली असते. दोन आठवड्यांच्या सुमारास पोसून ती बाहेर पडते, मातीत किंवा पाचोळ्यात कोष करिते, आणि पुन्हा पाखरू होते. एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते, म्हणजे एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज होतात. फवारणीचे औषध बोंडाच्या आत पोहोचत नाही, हे तुम्ही खिशातून पैसे घालवून शिकलाच आहा.

आता हिवाळ्याची गोष्ट. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडल्या व बोंडे निबर झाली म्हणजे शेवटच्या पिढीतल्या पुष्कळ अळ्या कोष करीतच नाहीत. दोन सरक्या धाग्याने जोडून घेऊन त्यांच्या मधल्या पोकळीत अळी निजते. शास्त्रज्ञ हिला सुप्तावस्था म्हणतात. अशी जोड-सरकी तुम्ही वेचणीत अनेकदा पाहिली असेल आणि काहीतरी खोड म्हणून बाजूला टाकिली असेल. ही झोप काही आठवड्यांची असते, काही महिन्यांची असते, आणि क्वचित दोन वर्षांची असल्याचेही पाहण्यात आले आहे. सगळ्याच अळ्या निजतात असे मात्र नाही. आपला हिवाळा सौम्य असल्यामुळे काही जागृत राहून पाखरे होतात, आणि एखाद्याने पाणी देऊन फरदड राखिली असेल तर त्यांचा प्रपंच तेथे पुढे चालतो. मावशींच्या दिव्याभोवती फिरत होती ती ही जागी मंडळी. निजलेली अद्याप ढिगाऱ्यात होती.

ती कोठे कोठे निजते? घरातल्या कापसात, जिनिंगच्या आवारातल्या सरकीत, जमिनीच्या भेगांत, आणि सर्वांत अधिक पऱ्हाटीवर राहून गेलेल्या अर्धवट उकललेल्या किडक्या बोंडांत. ती पऱ्हाटी आपण उपटतो, मोळ्या बांधितो, आणि चुलीसाठी घराच्या भिंतीशी किंवा शेताच्या बांधाशी रचून ठेवितो. मग मृगाचा शिडकावा होतो, हवा दमट होते, आणि झोपलेले जागे होतात.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानात मिळालेल्या मान्न्याची हकीकत आहे, ती तुम्हांस मुखोद्गत आहे. सकाळपर्यंत काही ठेवू नये अशी आज्ञा असता काहींनी ठेविले, आणि त्यात किडे पडून दुर्गंधी सुटली. ह्या भागावर उपदेश करिताना आमच्या उपदेशक बंधूंची एक चूक वरचेवर होते, व पूर्वी आमचीही होत असे. आम्ही म्हणत असू की साठविणे हाच लोभ, आणि किडा ही लोभाची शिक्षा. परंतु तोच अध्याय पुढे वाचावा. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून शब्बाथासाठी ठेविलेला मान्ना नासला नाही व त्यात किडाही पडला नाही. योसेफाने मिसर देशात सात वर्षे कोठारे भरिली, आणि त्या साठ्याने राष्ट्रे जगली. तेव्हा साठविणे हेच पाप असे शास्त्र म्हणत नाही. काय ठेविले, कोणत्या वेळेपर्यंत ठेविले, आणि त्याचे ओझे कोणावर पडले, हे विचारावे लागते.

आमच्या शेतकरी बंधूने कापूस घरात का ठेविला, हेही आधी विचारले पाहिजे. २०२२ साली कापसाने क्विंटलला १०,००० रुपयांची मर्यादा ओलांडिली, हे साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढील हंगामात भाव उतरला तेव्हा, पुन्हा चढेल ह्या आशेने, मराठवाड्यात व विदर्भात घरेच्या घरे कापसाने भरून राहिली. होळी गेली, पाडवा गेला, आणि भाव काही चढला नाही. ज्याच्या शिरावर बियाण्याची व खताची उधारी आहे त्याने चार महिने वाट पाहिली तर त्यास लोभी म्हणावयास आमची जीभ धजत नाही. मोंढ्यातला भाव त्याच्या हातात नसतो, आणि त्याच्यापाशी घराखेरीज दुसरे कोठारही नसते. मावशींच्या घरी निजावयासही जागा उरली नव्हती. लेकरे कापसावरच निजत.

त्याचे फळ काय झाले? २०२३ च्या उन्हाळ्यात घरात कापूस असलेल्या कित्येक कुटुंबांतून अंगास खाज सुटल्याच्या व पुरळ उठल्याच्या तक्रारी आल्या. कोणी म्हणाले उष्णता आहे, कोणी म्हणाले बाहेरचे काही आहे, आणि एके ठिकाणी लिंबू-मिरची बांधिलेलीही आम्ही पाहिली. (ख्रिस्ती घरच्या चौकटीस ती होती, हेही सांगून टाकितो.) साठविलेल्या धान्यातल्या व कापसातल्या अळ्यांवर उपजीविका करणारे, डोळ्यांस न दिसणारे कोळ्याच्या कुळातले जीव असतात. अळी पुष्कळ झाली म्हणजे तेही पुष्कळ होतात, आणि माणसाच्या अंगास चावतात. लेकरांस कापसावर निजवू नये, कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात टाकावे, आणि पुरळ उतरत नसल्यास सरकारी दवाखान्यात जावे. ह्यात अंगाऱ्याचे काम नाही.

ह्या किड्याचा इतिहास ऐकाल तर आश्चर्य कराल. भडोचकडच्या कपाशीवरून मिळालेल्या नमुन्यांवरून १८४३ साली एका इंग्रज शास्त्रज्ञाने ह्यास प्रथम नाव दिले. पुढे हिंदुस्थानातून गेलेल्या सरकीत निजून तो १९०६-०७ च्या सुमारास मिसर देशात पोहोचला. होय, योसेफाच्याच मिसरात. तेथील बियाण्यातून १९११ साली मेक्सिकोत, आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात. एवढेसे पाखरू समुद्र उडून गेले नाही. झोपेत असता माणसाने त्यास पोत्यात घालून नेले.

आपल्या जिल्ह्याचाही ह्या कथेशी जवळचा संबंध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालना येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापिली, आणि ह्याच कंपनीच्या भागीदारीत आणलेल्या बीटी कपाशीस २००२ साली सरकारची परवानगी मिळाली. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. काही वर्षे बोंडअळी जणू नाहीशी झाली. मग २०१० साली गुजरातेतून बातमी आली की पहिल्या वाणास गुलाबी अळी जुमानीत नाही, आणि पुढे दुसऱ्यासही ती जुमानीनाशी झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंड फोडावे तो आत अळी, असा प्रकार झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने कित्येक शेतकरी व मजूर प्राणास मुकले, ते तुम्ही विसरला नसाल.

येथे आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची एक लहान पुडी येत असे, आणि ती शेताच्या कडेने लावावी असा नियम होता. का? त्या कडेच्या झाडांवर साधी, विषास बळी पडणारी पाखरे जगावीत. मधल्या पिकातून जे एखादे विष पचविणारे पाखरू वाचेल त्याचा जोडा ह्या साध्या पाखरांशी लागावा. आणि विष पचविण्याचा गुण त्या संततीत विरून जावा, म्हणून. आम्ही काय केले? अळीला कशास पोसावयाचे म्हणून पुडी उकिरड्यावर टाकिली, किंवा तेवढी जागा वाया जाते म्हणून तेथेही बीटीच लाविली. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कानेकोपरे झाडून कापू नयेत, ते गरिबासाठी व परक्यासाठी सोडावे, अशी आज्ञा आहे. पुडी फेकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती आज्ञा मंडळीत उभे राहून वाचिलेली आहे. शेताचा काठ सोडला असता काय हाती राहते, हे आम्हांस दोन्ही पुस्तकांतून उमगले नाही, ना शास्त्राच्या, ना शेतकीच्या.

आता आमचे स्वतःचे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर होणार नाही. काही वर्षांमागे नाताळच्या जेवणासाठी जळण म्हणून एका बंधूने दोन गाड्या पऱ्हाटी प्रार्थनामंदिराच्या आवारात आणून टाकिली. नाताळास एक गाडी संपली. दुसरी पुनरुत्थानाच्या सणासाठी भिंतीशी रचून ठेविली. त्या दिवशी कोणी सिलिंडर दिला, आणि मोळ्या तशाच राहिल्या. पावसाळा आला. भाद्रपदात भिंतीपलीकडच्या शेतात डोमकळ्या लागल्या, त्या प्रथम आमच्या भिंतीलगतच्या ओळींत. ते शेत आमच्या मंडळीबाहेरच्या एका गृहस्थांचे. ते आले, मोळ्यांकडे पाहिले, आणि इतकेच म्हणाले, "साहेब, देवाच्या घरातून आमच्याकडं हे येईल असं वाटलं नव्हतं." त्यांनी भांडण केले असते तर आम्हांस हलके वाटले असते. येत्या रविवारी आम्ही ती गोष्ट व्यासपीठावरून सांगितली, आणि सोमवारी त्यांच्या बांधावर जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा पाजला. कापूस मात्र त्यांस त्या वर्षी निम्म्याहून कमी झाला.

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीस लागलेल्या चट्ट्याचा विधी आहे. तो कंटाळवाणा म्हणून आपण सोडून देतो. त्या विधीत घराचा धनी स्वतः याजकाकडे येऊन सांगतो की माझ्या घरात चट्ट्यासारखे काही दिसत आहे. याजकाचे गुप्तहेर गावात फिरत नाहीत. आणि याजक पाहावयास येण्याआधी घर रिकामे करावयास सांगतो, जेणेकरून आतले सामान अशुद्ध ठरू नये. म्हणजे गरिबाची चार भांडी वाचावीत एवढी दया त्या नियमात आहे. मग सात दिवस घर बंद ठेवणे, बिघडलेले दगड काढून गावाबाहेर टाकणे, भिंत खरवडणे, व दुसरे दगड बसविणे. घर पाडावयाचे ते अगदी शेवटी. उपदेशक बंधूंनो, ह्या क्रमाने गावात काम करा. आधी घराच्या धन्यास मोकळेपणाने बोलू द्या, नंतर त्याचे नुकसान होऊ नये अशी तजवीज करा, आणि मगच खरवडा.

पऱ्हाटी जाळून टाका असे सांगणारे बहुधा पुरुष असतात व त्यांस चूल पेटवावी लागत नाही, असे आमच्या घरातून आम्हांस ऐकविण्यात आले आहे, आणि ते खरे आहे. सिलिंडर एकदा संपला म्हणजे पुन्हा भरून आणण्याइतके पैसे सर्वांपाशी नसतात. तेव्हा असे करावे. शेवटची वेचणी आटोपताच शेतात शेळ्या-मेंढ्या बसवाव्या. पानांबरोबर राहिलेली हिरवी बोंडे त्या खाऊन टाकितात, आणि लेंडीखतही पडते. पऱ्हाटी उपटल्यावर मोळी बांधण्याआधी तिच्यावरील किडकी व न उकललेली बोंडे तोडून काढावी व ती तेवढी जाळावी. अळी बोंडात असते, काठीत नसते. काठी चुलीस खुशाल ठेवा, पण बांधाशी किंवा भिंतीशी नको, आणि मृगापर्यंत तर नकोच. ज्याच्यापाशी यंत्राची सोय असेल त्याने बारीक करून खत करावे. डिसेंबरानंतर पाणी देऊन फरदड राखू नये. दोन क्विंटल कापसाच्या मोहाने साऱ्या शिवाराचा दाणा-गोटा आपण त्या किड्यास पुरवितो.

कापूस घरी ठेवणे भागच असेल तर तो निजावयाच्या खोलीत नसावा, आणि त्या जागी कामगंध सापळा टांगावा. मादीच्या वासासारखा वास त्यात भरलेला असतो, म्हणून नर येऊन अडकतात. माद्या त्यात येत नाहीत, हे ध्यानात ठेवा. सापळा भरला म्हणजे काम संपले असे नाही, किडा किती आहे ते तो सांगतो. आणि उन्हाळ्यातच कपाशी लावण्याची घाई करू नये. मे-जूनमध्ये जागी झालेली पाखरे थोडेच दिवस जगतात. त्यांस त्या दिवसांत पात्या व फुले मिळाली नाहीत तर त्यांची अंडी वाया जातात. विहिरीच्या पाण्यावर आधी लाविलेली एक एकर कपाशी त्या उपाशी पाखरांस नेमकी वेळेवर जेवण वाढते. मागे काही वर्षी १ जूनपूर्वी कपाशीचे बियाणे शेतकऱ्यांस विकू नये असा निर्बंध कृषी खात्याने घातला होता, त्याचे कारण हेच.

हे सर्व एकट्याने केले तर फळ मिळेल काय? थोडेच मिळेल. अमेरिकेत १९१७ पासून ठाण मांडून बसलेला हा किडा तेथील कपाशीच्या मुलुखातून पूर्णपणे नाहीसा झाला, असे २०१८ साली जाहीर झाले. तेथे बीटी वाण होतेच. पण त्याबरोबर नियमाने पऱ्हाटी मोडणे, गंधाचे उपाय, आणि वांझ केलेली पाखरे विमानातून सोडणे, हे शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी एकाच काळात केले. आपल्याकडे विमान येणार नाही. शिवार मात्र एकच आहे. पाखरू रात्री उडते तेव्हा वरची आळी, खालची आळी, मंडळीतला, बाहेरचा, असे काही पाहत नाही. आम्ही ख्रिस्ती घरेच तेवढी साफ केली आणि गावाशी बोललो नाही, तर मागच्याच वर्षासारखे होईल.

ह्या वर्षीचे वृत्त असे. फाल्गुनाच्या पहिल्या शनिवारी शब्बाथ-शाळेची मुले आवारात जमली आणि गोणपाटे पसरून त्यांनी मोळ्यांवरील बोंडे तोडली. साडेतीन गोण्या भरल्या. एका मुलाने बोंड फोडून गुलाबी अळी तळहातावर घेतली, ती पाहावयास मोठी माणसेही वाकली. भिंतीपलीकडचे गृहस्थ आपल्या शेळ्या घेऊन आले व संध्याकाळपर्यंत थांबले. मावशींचा कापूस तिघा तरुणांनी टेम्पोत भरून मोंढ्यावर नेला. भाव त्यांच्या मनासारखा आला नाही. खोली झाडून, शेणाने सारवून घेतली आहे, आणि तिच्यात आता लेकरे निजतात. दिव्याभोवती अजून दोन-चार पाखरे येतात, असा त्यांचा निरोप आहे. सापळा टांगावयास आम्ही येत्या मंगळवारी जात आहो.